बोहनीचं गिऱ्हाईक

मंगळवार, संध्याकाळ

आज सूनबाई पहिल्यांदा माझ्या बायकोच्या, सुमनच्या, कापडदुकानात गादीवर बसली आणि पहिल्याच बाईला म्हणाली, "मावशी, या साडीचा रंग जातो. घेऊ नका." बाई रिकाम्या हातानं गेली. बोहनीचं गिऱ्हाईक असं परत पाठवायचं नसतं, हे जुन्या जालन्यात लेकरांनाही ठाऊक. तरी बाईसमोर सुमन गप्प राहिली. तिच्या जागी मी गप्प राहिलो असतो? नेतृत्वावर दर आठवड्याला पेपरात लिहितो खरं, पण... न्हाई, बोललो असतोच.

बाई गेल्यावर सुमन म्हणाली, "बोहनी घालवलीस की गं."

"आई, धुण्यात रंग गेला असता, मंग ती फिरून आलीच नसती."

"आली असती. भांडायला."

दोघी हसल्या.

जेवताना सुमन सहज बोलली, "उद्या दुकान तूच उघड. मी येते अकराला."

आमच्या लग्नापासून सणावारालाही ती इतक्या उशिरापर्यंत घरी थांबलेली मला आठवत नाही.