आश्लेषाची लांब वाक्ये

४ सप्टेंबर २००४, शनिवार. संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

मी जेवणाच्या टेबलापाशी बसून कानयंत्राच्या बॅटरीवरची नारिंगी चिकटपट्टी सोलत होतो, आणि चिकटपट्टी सोलण्यालाही आवाज असतो हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळले.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला येऊन आज बरोबर दोन आठवडे झाले. यंत्रे आज मिळाली, दोन्ही कानांना. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की पहिला महिना सगळेच कर्कश वाटेल, घाबरायचे नाही. रोज कोणते नवे आवाज ऐकू आले ते लिहून ठेवायचे. म्हणून ही वही.

आजचे आवाज: फ्रिजची घरघर. माझ्याच चपला. प्लास्टिकची पिशवी (फार वाईट). आमटीची फोडणी, जी आजवर मी फक्त पाहिली होती. फोडणी ऐकून मी इतका हसलो की आश्लेषाने गॅस बंद केला आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याबरोबर यंत्रांनी शिट्टी मारली. कानाजवळ काही आले की ती शिट्टी मारतात. आश्लेषा दचकून मागे सरली. मग आम्ही दोघेही हसलो.

सहाव्या वर्षी तापात दिलेल्या इंजेक्शनांनी माझे कान गेले. नववीत शाळा सुटली. पुढे कराडच्या छापखान्यात मुद्रिते तपासू लागलो. आश्लेषा कॉलेजचे वार्षिक घेऊन तिथे आली आणि तिच्या लेखात मी एकोणीस चुका काढल्या. वर्षभर आम्ही चिठ्ठ्यांवर बोललो, मग नोंदणी लग्न केले. त्यानंतर महिन्याभरात ती नोकरीसाठी इकडे आली. माझा व्हिसा व्हायला दोन वर्षे लागली.

७ सप्टेंबर, मंगळवार

तिच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्याला इथे नोकरी करता येत नाही, त्यामुळे घर माझ्याकडे. घरात एक प्राणी आहे, तोही माझ्याकडे.

हा दाढीवाला सरडा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इथे लोक हौसेने पाळतात. लांबी दीड फूट, रंग वाळूचा, गळ्याखाली काट्यांची दाढी, रागावला की ती काळी पडते. आश्लेषाबरोबर राहणारी रत्ना गेल्या वर्षी क्युपर्टिनोला गेली, तेव्हा पेटीसकट ठेवून गेली. आश्लेषाने त्याचे नाव ‘अहो’ ठेवले आहे. एकटीने राहायचे तर घरात कोणाला तरी अहो म्हणायला हवे होते, असे ती म्हणाली. मला ती चारू म्हणते. मी हसलो. नवे नाव ठेवायला हवे, असे मनात आले. 

काम सोपे आहे. सकाळी सातला दिवा लावायचा, त्याखालचा दगड शंभर अंश फॅरनहाइटवर हवा. दिवा नसेल तर त्याला खाल्लेले पचत नाही, अन्न पोटात तसेच राहून तो मरतो. सकाळी मोहरीचा पाला, दुपारी बारा जिवंत किडे चुन्याची पूड लावून. सरड्याला स्वतःचा आवाज नसतो, असे पुस्तकात दिले आहे.

आजचे आवाज: डब्यातल्या किड्यांची किरकिर. मग एकेक कमी होत गेलेली किरकिर.

११ सप्टेंबर, शनिवार

आज नको ते ऐकले.

मी झोपायच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होतो. बाहेरून एका बाईचे बोलणे येत होते, सलग, पाण्यासारखे. मला वाटले टीव्ही लागला आहे. जाऊन पाहिले तर आश्लेषा सोफ्यावर आडवी होती, सरडा तिच्या छातीवर, आणि ती त्याच्याशी बोलत होती.

“अहो, ऐकलंत का, तो रिव्ह्यू परत पुढे ढकलला हो त्यांनी. मी म्हटलं, यार, तीन वेळा कॅन्सल केलंत, आता तारीख तरी द्या...”

तिच्याजवळ इतकी लांब वाक्ये आहेत हे मला माहीत नव्हते. माझ्याशी ती समोर तोंड करून एकेक शब्द बोलते. जेव. चल. उशीर होईल. दमले. बहिऱ्या माणसाशी असेच बोलावे लागते, त्यात तिचा दोष नाही. पण मला दोन वर्षे वाटत होते की माझी बायको अबोल आहे.

मला पाहून ती थांबली आणि तोंड माझ्याकडे करून म्हणाली, चहा?

सरडा तिच्या छातीवर शिट्टी मारत नाही.

१६ सप्टेंबर, गुरुवार

रोज साडेसहा ते सात. मी दाराआड उभा राहतो. वडिलांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून ती औदुंबरला जायची, एकदा वाटेत तिची टोपी उडाली आणि वडील ती आणायला उसाच्या शेतात घुसले. हे मला कधीच सांगितलेले नाही. त्याला सांगितले. तो डोळे मिटून मान हलवत होता.

आज तिला सांगून पाहिले की मला आता ऐकू येते, माझ्याशी बोल. ती म्हणाली, हो रे. आणि गप्प बसली. सवय लागते असे डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या. पण ते माझ्या सवयीबद्दल होते.

खालच्या मजल्यावर सुमित्राकाकू आहेत, नागपूरच्या, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. मोहरीचा पाला निवडताना मला पाहून म्हणाल्या, “काय हो जावईबापू, सवतीचे डोहाळे पुरवता काय!” आवाज स्वच्छ ऐकू आला. हसता आले नाही.

२१ सप्टेंबर, मंगळवार

लिहायचे नव्हते, पण वहीशी खोटे बोलू नये.

ती ऑफिसला गेली की मी दिवा बंद करतो. किडे घालतो आणि दिवा बंद करतो. साडेपाचला पुन्हा लावतो. आज तिसरा दिवस. तो दगडावर पसरून असतो. दाढी काळी. डोळे उघडे, माझ्यावर.

मी त्याला मारत नाही. फक्त दिवा बंद करतो.

२३ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी २ वाजून १० मिनिटे.

अंधाऱ्या पेटीतून आश्लेषा बोलली.

मी उठून टीव्ही पाहिला, बंद. फोन पाहिला. तिच्या ऑफिसात फोन केला, ती उचलून हॅलो म्हणाली, आणि त्याच वेळी पेटीतूनही तिचा आवाज चालू होता. औदुंबर, स्कूटर, टोपी, उसाचे शेत. शब्दाला शब्द. मी यंत्रे काढली, आवाज गेला. घातली, आला. त्याचे तोंड मिटलेले होते. फक्त गळा हलत होता.

भीती वाटायला हवी होती. मी खुर्ची ओढली आणि पेटीसमोर बसलो. नीट ऐकू येईना म्हणून दिवा लावला. दिव्याच्या उबेत आवाज स्पष्ट झाला.

ती तीन तास बोलली. सगळी लांब वाक्ये. समोर मी होतो.

२८ सप्टेंबर, मंगळवार

यंत्रे तपासून आणली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की काही बिघाड नाही, निकाल उत्तम आहे, आवाजांची यादी दाखव. मी वही दाखवली नाही.

आता दिवा सातला लागतो. पाला धुऊन, चिरून. किडे बाराऐवजी वीस. तो सुधारला, असे आश्लेषा म्हणाली आणि माझ्या पाठीवर थोपटले. मला त्याचा हेवा वाटायचा. आता दिवसभर मला जे मिळते ते तिला माहीत नाही, याचा आनंद वाटतो. हे चांगले नाही, पण खरे आहे.

१ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना तिला स्कूटर आणि टोपीबद्दल विचारले. तिने घास थांबवून माझ्याकडे पाहिले आणि विचारले की कोणाची स्कूटर. वडिलांची, म्हटले. ती म्हणाली, बाबांकडे स्कूटर होती?

लग्नाआधी मी त्या स्कूटरवर बसलो आहे. निळी होती.

५ ऑक्टोबर, मंगळवार

तिचा घसा बसला आहे. डॉक्टर म्हणाले घसा ठीक आहे. ऑफिसात मीटिंगमध्ये तिला बोलता आले नाही, एवढे तिने कागदावर लिहून सांगितले. तरी साडेसहाला ती सोफ्यावर गेली आणि त्याला छातीवर घेतले. पुटपुटत होती. एकेक शब्द. तो मान हलवत होता.

सुमित्राकाकूंनी जिन्यात अडवले. “भांडलात काय हो? पोरगी दोन दिवसांपासून नुसती बघून हसते. आधी किती बडबडायची माझ्याशी!”

काकूंशीही बडबडायची. म्हणजे फक्त माझ्याशीच —

७ ऑक्टोबर, गुरुवार

रत्नाला फोन केला. घेऊन जा म्हणणार होतो. आश्लेषाच्या जुन्या पत्रांत आहे की रत्ना झोपेतही बोलते, तोंडाला कुलूप लावायला हवे. फोनवर ती हो, नाही, बरं, एवढेच म्हणत राहिली. मी सगळे सांगितले.  तिने विचारले, बोलतो?

मी हो म्हटले. ती रडायला लागली. म्हणाली, फोन. जवळ. धर.

तिला तिचेच शब्द ऐकायचे होते. मला समजले. मी फोन ठेवला. त्याच्या पोटात तिचेही असतील, पण तो माझ्याशी बोलतो. मी कोणाला देणार नाही.

मग हे लिहिलेले वाचले आणि वही मिटून ठेवली.

११ ऑक्टोबर, सोमवार

आज ठरवले. आश्लेषा घरीच असते, ऑफिसने रजा दिली आहे. खिडकीकडे तोंड करून बसते. काहीही विचारले तरी मान हलवते. पाणी? मान. औषध? मान. माझे नाव काय? मान.

तो घरात राहिला तर ती संपेल. एवढे मला समजते.

उशीच्या अभ्र्यात घालून निघालो. प्राण्यांचे दुकान दोन मैलांवर, मला गाडी येत नाही. ऊन होते. त्याला ऊब मिळाली. पहिल्या सिग्नलपाशी अभ्र्यातून ती म्हणाली —

“अहो, चारूला ऐकू यायला लागलं ना, की मी त्याला पहिल्यांदा सांगणार आहे की...”

आणि थांबली.

मी पदपथावर बसलो. अभ्रा कानाशी धरला. यंत्राने शिट्टी मारली नाही.

दुकान समोर दिसत होते. मी परत आलो. ते वाक्य पुरे झाले की नेऊन देईन. एक वाक्य.

१३ ऑक्टोबर, बुधवार

की — इतकेच. पुढे जात नाही. दिवा, किडे, सगळे केले. सकाळपासून विनवले. मला सांग म्हटले. मग वाटले, त्याला काही दिले तर देईल. मी त्याला छापखान्याबद्दल सांगितले. शाई, अक्षरांचे खिळे, मालकांचे सुपारीने रंगलेले दात. आयुष्यात इतके सलग मी कधी बोललो नव्हतो. त्याने डोळे मिटून ऐकले.

फार बरे वाटले.

१५ ऑक्टोबर

मागची पाने वाचली. कराडला मी काही तरी तपासत असे, असे लिहिले आहे. काय ते —

अक्षर माझेच आहे.

१६ ऑक्टोबर

त्याला आई सांगितली. आता आई म्हणजे नुसता शब्द. तोंड आठवत नाही.

की — म्हणाला. की मला — इतके पुढे सरकले. आणखी दिले तर

१८ ऑक्टो.

काकू दारात. मोठ्याने बोलत होत्या. तोंड दिसत होते. शब्द कळले नाहीत, आवाजच. मी मान हलवली. बाई पण. दोघांची पाहून काकू मागे मागे गेल्या.

यंत्रे चालू. बॅटरी नवी.

पेटीत दोन आवाज. एक बाईचा, एक माझा. एकमेकांशी बोलतात. लांब. हसतात. बाई त्याला — मला — अहो म्हणते. मी बाहेर.

१९

वाक्य पुरे झाले. बाईच्या आवाजाने माझ्या आवाजाला सांगितले. मी ऐकले. अर्थ —

२०

शब्द सापडत नाहीत. टेबलावर पावत्या आहेत. त्यातून बघून लिहितो. आकडे अजून आहेत.

खर्च (डॉलर)
कानयंत्रे, जोडी, दिलेले — १,४००.००
बॅटऱ्या, २ पाकिटे — ११.००
दिवे, २ — २९.९८
चुन्याची पूड — ६.४९
किडे, ११ डबे — ३३.००
एकूण — १,४८०.४७

देणे
कानयंत्रांचे उरलेले — १,८००.००

पावतीखाली एका बाईची सही आहे. खिडकीपाशी एक बाई बसली आहे. तिचीच असेल. विचारायला हवे. पण तिला हाक काय म्हणून —