तीन पायांचा टॉवर

गाझियाबाद, ९ फेब्रुवारी २०२४

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. फोनवर तुम्हाला आताशा काहीच ऐकू येत नाही, म्हणून पत्र. नीलम आणि मी ठीक आहोत.

ऑफिसात एका टॉवरची निवड माझ्याकडे आली आहे. उंची चाळीस मीटर, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा. ताणाच्या तारा बांधायला आवारात जागाच नाही. वर मायक्रोवेव्हच्या तबकड्या बसतील. समोरच्या टॉवरवरच्या तबकड्यांशी त्यांची नजर अचूक जुळावी लागते. वाऱ्याने टॉवर जरा पिळला गेला तरी संपर्क तुटतो. मला चार पायांचा जड टॉवर हवा आहे. साहेब म्हणतात, यार, तबकड्या तीनच आहेत, यार्डात तीन पायांचा हलका पडून आहे, तोच उभा कर. गणितात तीन तबकड्यांना तो पुरतो. तुम्ही वीज मंडळात हयातभर मनोरे उभारलेत. काय करू?

आपला,
संघपाल

वर्धा, १८ फेब्रुवारी

चि. संघपालास अनेक आशीर्वाद.
तुझं अक्षर लावता लावता चहा निवला.

तीन तबकड्यांना पुरतो, हे खरं असेल. पण जागा दिसली की लोक आणखी टांगतात. एकेक तबकडी म्हणजे वाऱ्यापुढे धरलेलं सूप. चौथी चढवणार नाही, असं साहेब लिहून देतात का ते विचार. नाहीतर अडून बस. सूनबाईस आशीर्वाद. माया आहेच.

रावसाहेब

गाझियाबाद, ३ जून

ती. बाबांस,
जयभीम. तुम्हाला उत्तर दिलं नाही, कारण तोंड नव्हतं. साहेबांनी काही लिहून दिलं नाही आणि मी सही केली. एप्रिलअखेर वर सात तबकड्या होत्या. एकदा विषय काढला; बिल्कुल चिंता करू नको, म्हणाले. पुन्हा काढला नाही.

सत्तावीस मेच्या दुपारी आंधी आली. टॉवर मधोमध मोडून पहारेकऱ्याच्या खोलीवर पडला. आत पहारेकरी रामवीर होता, एटा जिल्ह्यातला. जागीच गेला. धुळीत उभा राहू नकोस, आत बस, असं मीच त्याला सांगितलं होतं.

साहेब म्हणतात, चौकशीत सांग की वाढीव तबकड्यांचं तुला माहीत नव्हतं. नीलम म्हणते, बाबांना विचारा.

संघपाल

वर्धा, ९ जून

चि. संघपाल,
हे मला विचारावं लागलं, याचं वाईट वाटलं. माहीत होतं, असं सांग. गप्प बसलो, तेही सांग. नोकरी जाईल, कदाचित त्याहून वाईट होईल. मग त्या माणसाच्या घरी जा. रागावलो आहे, पण बाप तुझाच आहे.

रावसाहेब

गाझियाबाद, २३ जून

ती. बाबांस,
सप्रेम जयभीम. जबाब दिला. दुसऱ्या दिवशी निलंबनाचं पत्र आलं. पोलिसांनीही बोलावलं आहे.

काल एटाला जाऊन आलो. रामवीरच्या बायकोने खाट टाकली, पाणी दिलं. मग हिंदीतच विचारलं की भैया, टॉवर पडेल हे कुणाला ठाऊक होतं का. मला होतं, असं मी म्हणालो. ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. मी अंगणात तासभर उभा होतो. दार उघडलं नाही.

लोभ असू द्या, असं लिहायला आज हात धजत नाही.

आपला,
संघपाल