आधी भोंगा

८ मे
आलो एकदाचा! समुद्रावर जीवरक्षकाची नोकरी लागली आणि मावशीने मला वेगळी खोली शोधूच दिली नाही. वाळूत लाकडी खांबांवर उभी चौकी, आत खुर्ची, दुर्बीण आणि भिंतीवर भोंग्याचं लाल बटण, एवढा माझा संसार. साहेबांनी बजावलंय की नुसतं गडगडलं तरी वीज दिसायची वाट न बघता भोंगा द्यायचा. समुद्रात पडलेली वीज म्हणे खोल जात नाही, पाण्याच्या पाठीवरच पसरते. खालच्या माशांना पत्ताही लागत नाही, मरतो तो डोकं वर काढून पोहणारा.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, रोज सकाळी पोहतात. जेवताना म्हणाले, आता माझा जीव तुझ्या हातात, आणि मिशीतल्या मिशीत हसले.

१५ मे
फजिती. गडगडाट ऐकला, बटण दाबलं, सगळे धापा टाकत बाहेर. मागच्या रस्त्यावर ट्रकमधून रिकामी पिंपं उतरवत होते! काकांनी ओल्या अंगानेच माझं बारसं केलं: भोंगेशास्त्री. संध्याकाळपर्यंत बिस्किटवालाही तेच म्हणायला लागला. साहेब म्हणाले की चुकलास तरी बरोबर केलंस, पण त्यांना कोण हसतंय? जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

२ जून
कुठेतरी खरं लिहायला हवं.

सकाळी पाण्यात फक्त काका होते. आभाळ भरलेलं. गडगडलं. मी बोट बटणावर ठेवलं, आणि मागे वळून रस्त्यावर ट्रक आहे का ते बघितलं. दुधाने तोंड पोळलेला मी, ताक फुंकत बसलो. तेवढ्यात वीज पडली. पाणी लख्ख पांढरं झालं आणि क्षणात पुन्हा नेहमीसारखं. काकांचं डोकं कुठे दिसेना.

मग मी भोंगा दिला.

तो सगळ्यांनी ऐकला. विजेनंतरचा होता हे फक्त मला माहीत. साहेबांना सांगितलं की भोंगा आधीच दिला होता, काकाच आणखी एक फेरी मारायला थांबले. माणूस माझ्यामुळे गेला आणि दोषही मी त्याच्याच माथी मारला.

४ जून
काका सापडले नाहीत. मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, “तू तुझं काम केलंस रे. ते कधी कोणाचं ऐकायचे?” मग मला ताट वाढलं. लाज वाटते. तिच्यासमोर रडायचीही लाज वाटते.

११ जून
दूरवर वीज चमकली. तेवढ्या उजेडात पाण्यावर काकांचं डोकं. आभाळाकडे नाही, माझ्याकडे बघत होतं. दुर्बीण लावेपर्यंत काही नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

१४ जून
पुन्हा. आज बरेच जवळ. मावशी डबा घेऊन चौकीत आली होती. तिलाही दिसले. घाबरली नाही, उलट तोंड उजळलं तिचं. म्हणाली, भोंगा दे, म्हणजे बाहेर येतील. बटण बिघडलंय म्हणालो. त्या खोट्यात हे आणखी एक.

१५ जून
गडगडतंय. मावशी पाण्यात शिरली— त्यांना आणायला. कमरेपर्यंत गेलीय. हाका मारल्या, ऐकत नाही—

दिला भोंगा. या वेळी आधी.

ती थांबली. वळली. परत येतेय. तिच्या मागून तेही—

दार आतून लावलंय. ती बाहेर उभी. विचारतेय, बटण तर चांगलं आहे, मग काल का— आणि त्या दिवशीही असाच आधी दिला होतास ना?

मी लिहीत राहतो.

बाहेर दोघांचं पाणी ठिबकतंय. मला काकांची भीती नाही वाटत. तिला कळेल याची—

ते तिला सांगतायत. अगदी नेहमीच्या आवाजात. आधी वीज, आणि मग—