उजवा दिवा

धंतोली, नागपूर
१४ ऑक्टोबर १९७४

नत्थूकाका,

नमस्कार. काकूची तब्येत कशी आहे? कोराडीच्या वीजकेंद्राची राख त्यांच्या दम्याले सोसते का? बंगल्यावरचे रामाजी माळी सांगत होते, तुम्ही तिथं कोळशाचा ट्रक चालवून राहिले. मालकाची, भैयाजींची ऑस्टिन गाडी दोन बोटांनी वळवणारा माणूस ट्रकवर. ऐकून कसंतरीच वाटलं.

आमच्याकडं सगळे ठीक. माझं कॉलेज सुरू आहे. पत्र सिंधूच वाचून दाखवत असन. सिंधू, घाई करू नको, माझं मराठी अक्षर तुले माहीत आहे.

काका, त्या ऑस्टिनचं माझं मॉडेल पूर्ण झालेलं तुम्ही पाहिलंच नाही. जूनमध्ये नुसता सांगाडा होता. डालडाच्या डब्याचा पत्रा, टायर जुन्या चपलेच्या रबराचे, चाकाच्या काड्या सतारीच्या तारेच्या. बॉनेट दोन्ही बाजूंनी उघडते. एका फुटाले एक इंच, सगळं मोजून. आठ महिने दर रविवारी मी गॅरेजमध्ये टेप घेऊन गाडीखाली घुसायचो, अन् तुम्ही म्हणायचे, "काहून गा विश्वनाथ, गाडी मोजून राहिला का तिचं झंपर शिवून राहिला?"

दिवे मोजले तो रविवार आठवते? उजवा अर्धा इंच लहान निघाला. मी तीनदा मोजला. तुम्ही पुसता पुसता थांबले, फडकं खांद्यावर टाकलं, अन् सांगितलं. सिंधू चार वर्षांची, घटसर्प झालेला, मालक मुंबईले. तुम्ही न विचारता गाडी काढली. मेडिकल हॉस्पिटलच्या गेटपाशी बैलबंडीचं जू दिव्यात घुसलं. सिंधू वाचली. दिवा तुम्ही ट्रकचा आणून ठोकूनठाकून बसवला.

"अकरा वर्षं झाले, मालकाले दिसलं नाही," तुम्ही म्हणाले. "तो मागं बसते गा. गाडीसमोर उभं राहाले त्याले काय काम? एक रामाजीले माहीत, अन् आज तुले."

घरी येऊन मी काय केलं सांगू? सीताबर्डीच्या घड्याळवाल्याकडून लेडीज घड्याळाच्या दोन काचा आणल्या. एक सतरा मिलिमीटर, एक सोळा. काय खूश होतो मी! अशी ऑस्टिन जगात एकच, अन् माझं मॉडेल तिचंच. तुमची गोष्ट मी काचेत बसवून टाकली, अन् मले त्यात काही वाटलं नाही.

रामाजी मागच्या रविवारी बसनं तुमच्याकडं आले होते, पेरूची पिशवी घेऊन. सिंधूनं दारातूनच सांगितलं, बाबा घरी नाही. परत आल्यावर मले म्हणाले, "नत्थूच्या चपला दारातच होत्या गा." पेरू त्यांनी मलेच दिले. मी खाल्ले नाही.

दिव्याचं रामाजींनी भैयाजींले काही सांगितलं नाही, काका.

ऑगस्टच्या हॉबी प्रदर्शनाले चीफ गेस्ट भैयाजीच होते. माझ्या टेबलापाशी आले, खाली वाकले अन् समोरून पाहत राहिले. आपली गाडी त्यांनी समोरून एवढा वेळ कधी पाहिली नसन. म्हणाले, "वा, फर्स्ट क्लास! फक्त एक मिस्टेक झाली पोरा. एक दिवा लहान झाला."

सगळे हसले. माझे सर पण. माझे कान तापले. आठ महिने मोजलं होतं मी.

म्हटलं, "मिस्टेक नाही सर. तुमच्या गाडीचाच लहान आहे. घरी जाऊन मोजून पाहा."

भैयाजी हसायचे थांबले तेव्हा मले कळलं, मी काय बोललो. पण तोंडातून गेलं होतं. पहिला नंबर मलेच मिळाला. ॲक्युरसीसाठी, असं सर्टिफिकेटवर लिहून आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोर्चमध्ये टेप मागवला. तुम्हाले विचारलं, अन् तुम्ही सगळं खरं सांगून टाकलं. नोकरी गेली, सहा दिवसांत क्वार्टर खाली. हे मले रामाजींनी सांगितलं. अन् हेही सांगितलं, की मीच भैयाजींले सांगितलं असन असं ते तुम्हाले बोलले, तर तुम्ही त्यांच्यावरच ओरडले, "पोराचं नाव घेऊ नको. तो असा नाही."

हे ऐकूनही मी दोन महिने गप्प राहिलो.

भैयाजींकडं जाऊन आलो. गाडीवर नवा ड्रायव्हर आहे. भैयाजी म्हणाले, "दिव्याचं काही नाही रे. अकरा वर्षं लपवलं, त्याचं आहे." मी तुमच्यासाठी बोलत राहिलो, ते पेपर वाचत राहिले.

मॉडेलचे दोन्ही दिवे सारखे करावे असं मनात आलं होतं. नवी काच आणली पण. बसवली नाही. गाडी तशी नाही.

रामाजी येत्या रविवारी पुन्हा येतील. त्यांच्यासाठी दार उघडा, काका. मी सोबत येणार नाही. तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही.

सिंधू, दिव्याची गोष्ट तुले आज पहिल्यांदा कळत असन तर मले माफ कर. तुझी यात काही चूक नाही.

त्या दिवशी टेबलापाशी मी भैयाजींले एवढंच म्हटलं असतं, तर सगळं निभावलं असतं. तिथं म्हटलं नाही, म्हणून तुम्हाले म्हणतो.

हो, चूक माझी झाली.

विश्वनाथ