चार खोट्या मुली आणि एक खरी

लिहून ठेवणार: उपेंद्र श्रीपाद कुरुंदवाडकर, वय सत्तावन्न, व्यवसाय अर्थशास्त्राचे अध्यापन, राहणार जे. पी. नगर, बंगळूर.

कारणे लिहून ठेवतो की, मालमत्तेकडे वळण्यापूर्वी मला शेजारच्या सुधींद्र कट्टी यांच्याविरुद्ध एक तक्रार नोंदवायची आहे. माझ्याकडे बेळगावहून एक मराठी वर्तमानपत्र येते, तेही एक दिवस शिळे. गेली अकरा वर्षे हे गृहस्थ ते माझ्या दारातून उचलतात, त्यातले शब्दकोडे सोडवतात आणि कुणी हातही लावला नसावा अशी घडी घालून परत ठेवतात. एकदा मी त्यांना हटकले. तेव्हा ते म्हणाले, "पेन्सिलनंच सोडवतो की सर. खोडा आणि पुन्हा सोडवा, तुमचं काय जातंय?" लहानपणी आठ वर्षे संस्कृत पाठशाळेत घोकंपट्टी केलेल्या माणसाला दुसऱ्याने आधीच, आणि बहुधा चुकीचे, भरलेले कोडे खोडत बसावे लागणे हा मानसिक छळ आहे. त्याची नोंद व्हावी.

आता विधिवत. माझी प्रकृती ठीक आहे. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. त्यासाठी डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले आणि मी न अडखळता दोनपर्यंत पोहोचलो. मनाबद्दल त्यांनी काही विचारले नाही. हा मजकूर मी कुणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. २०२१ साली केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होते. ते का रद्द केले, हे सातव्या कलमात येईल.

कलम पहिले. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते पत्नी श्यामला हिचे, तिच्यामागे मुलगी शाल्मली हिचे. शाल्मली सर्जापूर रोडला बाराव्या मजल्यावर राहते आणि आमच्या घराला 'व्हिंटेज' म्हणते. तिने ते विकले तरी माझी हरकत नाही. फक्त स्वयंपाकघरातला दगडी रगडा नव्या मालकाला फुकट देऊ नये. तो श्यामलेच्या आईचा आहे आणि चौथ्या मजल्यावर चढवताना माझी कंबर कायमची गेली आहे.

कलम दुसरे. पाठशाळेतल्या माझ्या वह्या पाठशाळेलाच परत द्याव्यात. आमच्या आचार्यांनी न्यायशास्त्र शिकवताना 'सिद्धसाधन' नावाचा एक दोष सांगितला होता: जे आधीच सर्वांना ठाऊक आहे ते सिद्ध करत बसणे. मी पुढे त्याच दोषावर चरितार्थ चालवला. नोकरी देणारे लोक अर्जावरचे आडनाव आणि गाव बघून उमेदवार निवडतात, हे मारतहळ्ळीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर समजते. मी ते आकडेवारीसह समजावून प्राध्यापक झालो.

कलम तिसरे. वरील वर्तमानपत्राची वर्गणी माझ्यामागे दहा वर्षे भरावी आणि अंक थेट कट्टी यांच्या दारात टाकावा. कोडे कोरे असताना किती अवघड असते ते त्यांना कळू दे.

कलम चौथे. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत बटणांचे छत्तीस फोन आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून एकेक नाव लिहिले आहे. श्यामला त्यांना 'तुमचे मानसपुत्र' म्हणते. एकदा शाल्मलीला बघायला आलेल्या मंडळींना माळ्यावरून पाट काढून देताना ही ट्रंक उघडली गेली. ती मंडळी पुन्हा आली नाहीत.

हे फोन म्हणजे माझा २०१६चा अभ्यास. पद्धत अशी की, नसलेल्या माणसांचे अर्ज तयार करायचे. शिक्षण, गुण, अनुभव सारखे ठेवायचे. नाव आणि गाव तेवढे बदलायचे. ते खऱ्या कंपन्यांना धाडायचे आणि कुणाला बोलावणे येते ते मोजायचे. बोलावणे आले की माझा सहायक रविकिरण त्या-त्या फोनवर नम्रपणे सांगे, "उमेदवाराला दुसरीकडे नोकरी लागली." छत्तीस जण रोज कुठे ना कुठे नोकरीला लागत होते. बंगळुरात एवढी तेजी पुन्हा आली नाही.

बत्तीस फोन भंगारात द्यावेत. सतरा, अठरा, तेवीस आणि एकतीस या क्रमांकांचे चार ठेवावेत. त्यांच्याबद्दल पुढचे कलम.

कलम पाचवे. निपाणीचा आप्पाजी हुक्केरी हा शाळेत माझ्या बाकावर बसे. त्याची मुलगी शिवलीला जून २०१६ मध्ये पदवी घेऊन बंगळुरात आली आणि मारतहळ्ळीला एका खोलीत आणखी तिघींबरोबर राहू लागली. पहिल्याच रविवारी ती आपला अर्ज घेऊन घरी आली. "इंग्रजी बघा की सर. बाकी खरंच हाय सगळं."

बाकी खरेच होते. कॉलेजात असताना तिने निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतली बायकांची हजेरी संगणकावर आणली होती. आधी मुकादम अंदाजाने खाडे मांडत असे. ते बंद झाले. हे तिने चार ओळींत लिहिले होते, एकही विशेषण न वापरता. मी अर्जात दोन स्वल्पविराम टाकले आणि तिला म्हणालो, "उत्तम आहे. पाठव."

आणि त्याच आठवड्यात त्या चार ओळी उचलून मी माझ्या सीमाभागातल्या चार खोट्या मुलींच्या अर्जांत घातल्या. नियम असा की, खऱ्या माणसाचा मजकूर वापरायचा तर त्याची लेखी संमती घ्यायची आणि ओळख पटेल असे सगळे बदलायचे. मी विचारले नाही. बदलायला गेलो, पण वखारीऐवजी दुसरे काही लिहिले की अर्ज खोटा वाटू लागे. खरेपणा मला हवा होता आणि तो तिच्याकडे तयार होता.

चारशे बारा कंपन्यांना ते अर्ज गेले. त्यांतल्या पुष्कळ कंपन्यांना पुढच्या महिन्याभरात शिवलीलेने स्वतः अर्ज केला.

कलम सहावे. हे कलम मी तीनदा फाडले आहे.

डिसेंबरात एका कंपनीतून तेवीस क्रमांकाच्या फोनवर एक बाई बोलल्या. रविकिरणने ते टिपून ठेवले, कागद ट्रंकेत आहे. "या तंबाखूवाल्या प्रोजेक्टच्या तुम्ही पाचव्या. पाचही नावं बनावट अर्जांच्या यादीत टाकलीत. आम्ही ही यादी एकमेकांना पाठवतो, तेव्हा उगाच कष्ट घेऊ नका."

रविकिरण माझ्या खोलीत आला आणि त्याने दार लावून घेतले.

"सर, आपल्या तर चारच आहेत."

मी त्याने टिपलेला कागद वाचून पालथा ठेवला.

"पाचवी शिवलीला असणार, त्या ओळी तिच्याच आहेत. आपण त्या कंपन्यांना कळवू या ना."

"कळवलं तर हा अभ्यास चाललाय हे त्यांना कळेल. बाकीच्या नावांचे अर्धे अर्ज अजून जायचेत."

"पण सर, तिचं?"

"आणखी दोन महिने. मग कळवू."

दोन महिन्यांनी मला आठवण राहिली नाही, असे लिहावेसे वाटते. आठवण होती. तोवर आकडे आले होते. सीमाभागातल्या नावांना बोलावणी फारच कमी होती आणि निष्कर्ष डोळ्यांत भरण्यासारखा होता. त्यातला किती भाग आडनावाचा आणि किती माझ्याच चार ओळींचा, हे वेगळे काढायला बसलो असतो तर निष्कर्ष उरला नसता. मी बसलो नाही. २०१९ साली निबंध छापून आला. त्यावर मला बढती मिळाली, दोन परदेशवाऱ्या झाल्या आणि एक शाल मिळाली. शाल रविकिरणला द्यावी. तो घेणार नाही, पण द्यावी.

शिवलीलेला चौदा महिने एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. २०१७च्या दिवाळीआधी ती आमच्या बैठकीत बसून होती. श्यामलेने पुढे केलेल्या बशीला तिने हात लावला नाही. मग एकदम विचारले, "सर, माझ्यात काय खोट हाय का? खरं सांगा. मी वाईट वाटून घेणार न्हाई."

मी म्हणालो, "बाजार मंदीत आहे गं. थोडं थांब."

तो माझा विषय होता. माझ्या तोंडून आलेल्या वाक्यावर तिने विश्वास ठेवू नये, असे काही कारण नव्हते.

पुढच्या महिन्यात मी ओळखीच्या दंतवैद्याकडे शब्द टाकला आणि ती त्यांच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलावर बसू लागली. आज सात वर्षे तिथेच आहे. रुग्णांना ती "स्वल्प थांबा, आलाच नंबर" म्हणते आणि लोक खरोखर थांबतात. दर संक्रांतीला घरी येते, वाकून नमस्कार करते आणि श्यामलेला सांगते, "काकू, सर नसते तर मी निपाणीला परत गेले असते." त्या वेळी मी चष्मा पुसत असतो.

कलम सातवे. २०२१च्या मृत्युपत्रात मी शिवलीलेच्या नावे एक रक्कम ठेवली होती आणि सोबत एक बंद पाकीट. रक्कम का, ते पाकिटात. म्हणजे मी गेल्यावर तिला आधी पैसे मिळावेत आणि मग कारण कळावे. रागावण्यापूर्वी तिने पावती दिलेली असावी. ही योजना मला त्या वेळी सद्भावनेची वाटली होती. ती रद्द. शिवलीलेला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही.

त्याला निमित्त मागच्या रविवारचे. ती आली होती. एक अभ्यासक्रम तिने रोज दवाखाना सुटल्यावर बसून पुरा केला आहे आणि एकतिसाव्या वर्षी पुन्हा अर्ज करायचे मनात घेतले आहे. जुनाच अर्ज नवा करून आणला होता. वखारीच्या चार ओळींवर तिने पेन्सिलने फुली मारली होती.

"हे काढू का सर? याचं नशीबच न्हाई. हे असलं की कुणी बोलवतच न्हाई बघा."

एवढ्या वर्षांत तिने स्वतःच्या बळावर शोधून काढले होते की दोष त्या चार ओळींत आहे. माझ्यापेक्षा चांगली संशोधक. फक्त कारण चुकले होते, आणि ते माझ्यापाशी होते.

मी म्हणालो, "ठेव इथं. बघतो."

तो अर्ज माझ्यासमोर आहे. फुली अजून तशीच आहे.

कलम आठवे. निबंध मागे घेत असल्याचे पत्र सोबत आहे. त्यावर 'माझ्या पश्चात पाठवावे' असे होते. ते खोडून 'सोमवारी' केले आहे. त्या यादीत जे नाव पडले ते कुणाचे होते आणि चूक कुणाची, हे सांगणारी पत्रेही रविकिरणने लिहून तयार ठेवली आहेत. कंपन्यांनी इतक्या वर्षांनी ती वाचावीत अशी अपेक्षा नाही. पण तिचा नवा अर्ज जाण्यापूर्वी ती जायला हवीत.

साक्षीदारांविषयी. वकील अंजली देशपांडे यांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. म्हणून दुसरी साक्षीदार म्हणून मी शिवलीलेला बोलावले आहे. तिने मजकूर पहिल्या ओळीपासून वाचावा, मगच सही करावी किंवा करू नये. फोनवर ती म्हणाली, "सरी सर, रविवारी येते. एळ्ळु-बेल्ल पण आणते." सरी म्हणजे बरं, एळ्ळु-बेल्ल म्हणजे तीळ आणि गूळ. ते हातावर ठेवून आम्ही दोघे एकमेकांना गोड बोलायला सांगणार.

ठिकाण: जे. पी. नगर, बंगळूर
दिनांक: लिहिले गुरुवार, ९ जानेवारी २०२५, सही रविवारी, दोन्ही साक्षीदारांसमक्ष

लिहून ठेवणार: उपेंद्र श्रीपाद कुरुंदवाडकर

साक्षीदार १: सुधींद्र वामन कट्टी, शेजारी. (तिसरे कलम वाचून दाखवले. साक्षीदाराला काही मिळत नाही, म्हणून ते गळाले तरी हरकत नाही म्हणतात.)

साक्षीदार २: शिवलीला आप्पाजी हुक्केरी

अंजलीबाईंनी आणखी एक सांगितले होते, ते वर लिहायचे मी टाळले. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे कायद्यात नाही. सही होताना बघितले की पुरे. बहुतेक लोक वरचा भाग घडी घालून झाकतात आणि फक्त खालची जागा पुढे करतात. शिवलीला मला कधी काही विचारत नाही. मी बोट ठेवीन तिथे ती सही करील. मरणाची मला फारशी काळजी नाही. रविवारी मी हा कागद तिच्यापुढे उघडा ठेवीन की घडी घालून, याची मला खात्री नाही.