शनिवारपुरत्या आई

४ मार्च, शनिवार

"तू काय करतेस ते मला कळत नाही, पण तू सांगत असलीस की उठावंसं वाटत नाही." लग्नानंतर पहिल्याच वर्षी आई म्हणाल्या होत्या. मी ओट्याला टेकून त्यांना गोगलगायीच्या कवचाबद्दल सांगत होते. तेव्हा मी अजून प्रयोगशाळेत होते. आज गाडीत सहज आठवलं. आई शेजारी बसल्या होत्या, मांडीवर पर्स घट्ट धरून.

त्यांच्या मुलाशी माझा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली. त्या अजून 'आई'च. दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही, आणि कुणी सुचवलंही नाही. दर शनिवारी त्यांना घरून आणते, संध्याकाळी पोचवते. संस्थेत मी नव्या संशोधकांना आपलं काम चारचौघांना सांगायला शिकवते आणि आई आमच्या 'सामान्य श्रोत्या'. पहिल्या रांगेत बसायचं, कळलं नाही की लाल कार्ड वर करायचं. कार्ड वर गेलं की बोलणाऱ्यानं थांबायचं, सोपं करून पुन्हा सांगायचं.

आज कार्ड एकदाही वर गेलं नाही. मुळं पाणी कशी शोधतात यावर काम करणारी ती बारीकशी मुलगी — आम्ही तिला मुळंवालीच म्हणतो — 'पेशी' समजावताना अडखळली, तर आईंनी खालूनच वाक्य पुरं केलं! सगळे हसले. मुंग्यांवर काम करणारा पोरगा म्हणाला, "आजी, आता पीएचडीला नाव घाला." आई लाजल्या.

परतताना म्हणाल्या, "सूनबाईला दिवस गेलेत."

सूनबाई म्हणजे ती, त्याची आताची बायको. कळायला क्षणभर लागला. "छान झालं," म्हटलं.

"शनिवारी मी घरात असावं असं वाटतं तिला. साहजिक आहे. पण संस्थेचं काम म्हटल्यावर बिचारी काय बोलणार?"



५ मार्च

दिवसभर कुणाशी बोलणं झालं नाही. संध्याकाळी गॅलरीतल्या सुकलेल्या रोपाला रागावले, तर आवाज घोगरा निघाला.

७ मार्च

संचालकांनी बोलावलं. "आजी आता सामान्य राहिल्या नाहीत हो. आपल्याला कोरी पाटी हवी." माणूस वाईट नाही. खुर्चीतून उठून, दार लावून बोलले.

त्यांचं बरोबर आहे. आईंना आता सगळं कळतं, म्हणून पोरं सुधारत नाहीत. दुसरा कुणी श्रोता असता तर हे मीच आधी सांगितलं असतं.

महिनाअखेरपर्यंत राहू द्या, मी म्हणाले. कोणत्या तोंडानं, कोण जाणे.

९ मार्च

आईंना फोन केला. हसण्यावारी नेलं. "आई, तुम्ही फार हुशार झालात. तुमची नोकरी धोक्यात आहे."

त्या हसल्या नाहीत. मागून त्यांच्या मुलाचा आवाज आला, "कुणाचा फोन?"

"संस्थेचा," आई म्हणाल्या.

खोटं नव्हतं. पण फोन ठेवल्यावरही तो शब्द डोक्यात राहिला. मी संस्था.

११ मार्च, शनिवार

'ओलावा' — कार्ड वर. 'मुळाचं टोक' — कार्ड वर. 'पेशी' — कार्ड वर!

पेशी! मागे एकदा फाटकावरच्या रखवालदाराला संत्र्याची फोड सोलून, आतल्या बारीक रसाच्या पिशव्या दाखवून आईंनी पेशी समजावली होती. त्या पेशीला कार्ड.

मुळंवालीनं पुन्हा सांगितलं. विटांचं उदाहरण दिलं, मग फुग्यांचं, मग फळ्यावर चित्र काढलं. कार्ड खाली येईना. शेवटी ती खडू ठेवून बसली. "मला आजींनासुद्धा सांगता येत नाही, तर पुढच्या रविवारी वाचनालयात लोकांना काय सांगणार?" डोळे भरले होते. तिचं लोकांपुढचं पहिलंच भाषण ते.

आई मांडीकडे बघत होत्या.

मला तिथंच कळलं होतं. मी बोलले नाही. बोलले असते तर उरलेले शनिवारही गेले असते — खरं कारण हे. बाकी सगळ्या सबबी.

१४ मार्च

मुळंवालीची मेल. वाचनालयातून नाव काढून घ्या, मी आपली प्रयोगशाळेतच बरी.

उत्तर लिहायला बसले, दोनदा पुसलं. 'आजींना सगळं कळलं होतं' एवढंच लिहायचं, तर पुढे 'मग असं का केलं' हेही लिहावं लागेल. 'शनिवारपर्यंत थांब' एवढंच कळवलं.

१८ मार्च, शनिवार

संस्थेपाशी गाडी लावली. उतरायच्या आधी विचारलं, "आई, पेशी म्हणजे काय हो?"

"अगं, सगळ्या जिवांची वीट. पण वीट मेलेली असते, ही जिती. खाते, वाढते, एकीच्या दोन होतात..." आणि थांबल्या. खिडकीची काच उगाच वर केली, खाली केली.

"केव्हा ओळखलंस?"

"तेव्हाच."

"मग तेव्हाच का नाही रागावलीस?"

मग आईच म्हणाल्या, "कार्ड गेलं की मी घरी. मग तुझ्याकडे यायचं ते काय म्हणून यायचं? तूच सांग, तुला शब्द सुचतात."

मी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

आत गेल्यावर त्या सरळ मुळंवालीपाशी गेल्या. "पोरी, मला पहिल्या खेपेलाच सगळं कळलं होतं. मी लबाडी केली. माझ्या घरचं कारण होतं, तुझ्या बोलण्याचं नव्हतं. उद्या जा आणि बोल."

मुलगी आधी रागावली. रागावणारच. "आजी, मी आठवडाभर नीट झोपले नाही." आई मान खाली घालून उभ्या राहिल्या. मग ती पोरगी फळ्याकडे गेली आणि पहिल्यापासून बोलायला लागली. आईंनी कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांत मागच्या रांगेत जाऊन बसल्या.

घराशी सोडलं तेव्हा म्हणाल्या, "जपून जा." एरवी "शनिवारी ये" म्हणतात.

१९ मार्च

वाचनालयात मुळंवाली फार छान बोलली. एका म्हातारबुवांनी उठून विचारलं, मुळाला तहान लागते म्हणजे नेमकं काय होतं? ती घाबरली नाही. शेजारी वळून आईंना काहीतरी म्हणायला गेले, तर शेजारी माझीच बॅग.

२५ मार्च, शनिवार

सवयीनं गाडी काढली आणि सिग्नलवरून परत फिरले.

सूनबाईचा नंबर आईंनी कधीतरी अडीअडचणीला म्हणून दिला होता. आजवर लावला नव्हता. सकाळपासून लिहितेय, खोडतेय. ती नाही म्हणेल. तिच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हणाले असते. तरी आत्ता पाठवलं —

'मी तुमच्या सासूबाईंची आधीची सून. संस्थेत त्यांना आता काही काम उरलेलं नाही, तेव्हा कामाचं निमित्त सांगत नाही. मला त्यांची आठवण येते. शनिवारी थोडा वेळ त्यांना माझ्याकडे येऊ द्याल का?'