अत्तर लावल्यावर बोलायचं नसतं

अब्बा, परवा मी इंग्रज सरकारच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर जाऊन आलो, आणि जे विचारायला गेलो होतो ते न विचारताच परत आलो. हे घरात सांगायची सोय नाही, पेठेत तर नाहीच, म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही प्लेगात गेलात तेव्हा तुमचा नातू तुमच्या मांडीवर बसून रिकाम्या कुप्यांशी खेळत असे. तो आता पलटणीत आहे. बसऱ्याच्या वरच्या अंगाला नदीकाठच्या एका गावात आपली फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली आहे, असं वर्तमानपत्रात येतं, आणि त्याची पलटण तिथंच आहे असं सगळे म्हणतात. त्याचं शेवटचं कार्ड दिवाळीच्या सुमारास आलं, पुढं काही नाही. साहेबांकडं तारेची सोय आहे. मुलगा जिवंत आहे का एवढं चौकशी करून सांगा, इतकंच मला म्हणायचं होतं.

तुर्कांच्या वेढ्यात, हे ऐकून तुम्ही चमकाल. तुमच्या वेळी सगळं उलट होतं. तेव्हा भीती रशियाची. रशिया काबूलकडून उतरणार अशी हूल अधूनमधून उठायची आणि तुम्ही मंगळवार पेठेतल्या आपल्या अत्तराच्या दुकानात गिऱ्हाइकांची समजूत घालत बसायचा की इंग्रज आणि तुर्काचा सुलतान यांचा जुना दोस्ताना आहे, दोघं मिळून रशियाला अडवतील, तुम्ही आपला हिना घ्या आणि घरी जा. आता रशिया इंग्रजाच्या मांडीला मांडी लावून बसला आहे आणि सुलतान वैरी झाला आहे. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला विचारू नका. जुम्म्याच्या नमाजाआधी खुत्ब्याच्या प्रवचनात सुलतानासाठी दुआ मागायची पद्धत होती ना, तिथं आले की आपले पेशइमाम आता खाकरतात आणि तमाम मुसलमानांसाठी दुआ मागून पुढं सरकतात. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची पोरं त्याच पलटणीत आहेत. मी हात वर करतो आणि फक्त माझं पोर परत मागतो. त्याच्या समोर बंदूक घेऊन कोण उभा आहे याचा विचार करायला गेलो की मला धड बसवत नाही.

तुमचा भरवसा अत्तरावर होता. ज्या दिवशी दरबार असेल त्या दिवशी तुम्ही अम्मीला कांदासुद्धा चिरू द्यायचा नाहीत. स्वयंपाकघरातला चौरंग ओढून त्यावर पांढरं फडकं, फडक्यावर चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी, कापसाचे फाये. अम्मी कुरकुरायची, पोरांनी काय सुवास खायचा का म्हणायची, आणि आम्ही गार भाकरी गुळाबरोबर खायचो. मग माझ्या डोक्यावर फेटा चढायचा आणि तबक धरून मी तुमच्या मागं राजवाड्यावर. महाराज गादीवर आले त्या वर्षीचा तो मोठा दरबार माझा पहिलाच. एक सरदार अजून बोलत होते आणि मी घाईनं तबक घेऊन पुढं झालो. ते बिचारे बोलता बोलता थांबले आणि उठून उभे राहिले. घरी आल्यावर तुम्ही फेटासुद्धा उतरवला नव्हता.

"लेका, तू त्येंला हाकलून दिलंस की," तुम्ही म्हणालात. "दुकानात आधी अत्तर, मग बोलणं. दरबारात आधी बोलणं, मग अत्तर. अत्तर लागलं की बैठक मोडली. त्यावर कुणी तोंड उघडायचं न्हाय, राजानं बी न्हाय. एवढं ध्येनात ठेव, बाकी काय न्हाय आलं तरी चालंल."

त्याच सुमाराला तो तरुण साहेब विलायतेहून नवा आला होता, तेव्हाच्या मोठ्या साहेबांच्या हाताखाली. त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. अत्तर झालं, हार झाले, विडा हातात दिला, तरी हा आपला विड्याकडं बघत बसलेला. तो उठेना म्हणून त्याचा मोठा साहेब उठेना, मोठा साहेब उठेना म्हणून बाकी कुणी हलेना, आणि सनईवाल्यांचा दम संपत आला. दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून त्याच्या बंगल्यावर गेलात आणि त्याला समोर बसवून सगळं शिकवलंत: हातमोजा कधी काढायचा, हात उलटा कसा धरायचा, महाराज स्वतः कुणाला अत्तर लावतात आणि दिवाण कुणाला, आणि लावल्यावर लगेच कसं उठायचं. तो मन लावून शिकला. येताना तुम्ही इतके खूश होता की वाटेत मला खसाच्या अत्तराची एक कुपी देऊन टाकलीत, जर्मन काचेची, कडा पाडलेली. ती आपल्याला विकणारा जर्मन व्यापारी त्याच वर्षी राजवाड्यावर पाहुणा होता, इंग्रज साहेबांच्या शेजारी बसून हसत होता, आणि तुम्ही दोघांच्या हातांना एकाच फायानं अत्तर लावलं होतं.

तोफा इंग्रजाकडं आहेत हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, तुम्ही म्हणायचा, पण तो आपल्यासमोर मोजा काढून उघडा हात पुढं करतो, त्याचं राज्य त्या हातावर चाललंय. मला ते पटायचं. आता दरबार होतात ते भरतीसाठी. खाकीतले नवे अधिकारी घड्याळ बघत येतात, मोजा काढत नाहीत, उग्र वासानं डोकं दुखतं म्हणून रुमाल पुढं करतात, आणि मी गुपचूप रुमालाला फाया टेकवतो. जर्मन कुप्या येणं बंद झालंय. शत्रूचा माल घरात नको म्हणून जुन्या कुप्यांच्या बुडावरचे छाप मी कानशीनं घासून काढले. आधी मला याचं वाईट वाटायचं ते आपल्या धंद्यापायी. पोर वेढ्यात अडकल्यापासून निराळीच भीती वाटते. आपल्या हाताला हात लावावा असंही ज्यांना वाटत नाही, त्यांना आपल्या पोराची काय पडली असणार?

पण तुम्ही शिकवलेला साहेब आता स्वतःच मोठा साहेब होऊन कोल्हापुरात परत आला, आणि मला वाटलं, हा जुना माणूस आहे, हा ऐकेल. घरातून निघताना तुमची सून दारापर्यंत आली. पोर लढाईवर गेल्यापासून ती चुलीपुढं बसते ती केवळ आमच्या पोटासाठी, स्वतः दोन घास खाल्ले तर खाल्ले. ती म्हणाली, "अवं, दुसरं काय बोलत बसू नगासा. हाय का न्हाय, येवढंच इचारा." मी व्हय म्हणालो आणि तेवढाच प्रश्न बंगल्यापर्यंत घोकत गेलो.

साहेबांनी मला लगेच आत घेतलं. खुर्ची दिली, अब्बा. पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाले, "तुझे वडील फार सभ्य गृहस्थ होते. मला दरबार त्यांनी शिकवला." टेबलावर तारांचा गठ्ठा होता. एखादीत आमचं नशीब असेल असं मनात आलं. शब्द सुचेना, आणि शब्द सुचत नसला की माझा हात काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. सकाळ-संध्याकाळ दुकानात बसणारा माणूस मी. समोर माणूस बसला की आधी अत्तर. मी खिशातून कुपी काढली, फाया ओला केला आणि पुढं धरला. साहेबांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मोजा नव्हताच. मग त्यांनी हात उलटा करून धरला, अगदी तुम्ही शिकवला तसा. मी अत्तर लावलं. त्यांनी मान झुकवली आणि ते उठून उभे राहिले.

मीही उठलो. विचारायचं होतं ते सगळं जिभेवर होतं आणि मी बोललो नाही. चपराशानं दार उघडलं. बाहेर आल्यावर मला वाटलं, त्यांना रीत पाळायची म्हणून ते उठले. शिवाजी पेठेच्या वळणावर आलो तेव्हा वाटलं, मी कशाला आलोय हे त्यांनी मला बघताच ओळखलं होतं, पलटणीत पोर असलेला दुसरा कशाला येणार. तारेत काय आहे हे त्यांना माहीत होतं आणि ते सांगावं लागू नये म्हणून त्यांनी माझ्या अत्तराचा फायदा घेतला. दोन्हीतलं खरं काय ते मला कळत नाही. तुम्ही त्यांना समोर बसवून शिकवलंत, तुम्हाला तरी सांगता येईल का? तुमचा राग आला होता मला त्या वळणावर, हेही सांगून टाकतो.

तुमची सून उंबऱ्यातच बसली होती. तिनं वर पाहिलं. मी म्हणालो, "हाय. सुखरूप हाय म्हणाले साहेब." ती उठली, तोंड धुतलं, चूल पेटवली. मग शेजारच्या पोरीला पाठवून साखर आणवली आणि गल्लीत घरोघर वाटली. काल सकाळपासून पेठेतल्या बाया आमच्या दारात येतात. एकीचा नवरा, एकीचा भाऊ, एका म्हातारीची दोन पोरं त्याच पलटणीत. तुमच्या साहेबाला आमचं बी इचारा की, म्हणतात. मी विचारतो म्हणून सांगतो. पुन्हा बंगल्यावर जायची माझी हिंमत नाही. कारण या खेपेला अत्तर न घेता मोकळ्या हातानं गेलो, तर ते उत्तर देतील.

हे पत्र कुठं टाकायचं, तुमचा पत्ता कोण जाणतो? दुकानात बसून लिहिलं, दुकानातच राहील. एकच गोष्ट राहिली. साखर वाटून झाल्यावर तिनं उरलेली माझ्या तळहातावर ठेवली. मी ती खाल्ली, आणि तोंडात होती तोवर माझाही विश्वास बसला होता.